किनाऱ्यावरून चालत स्कुबा, जमेल का?

प्रश्न: पोहता येत नाही, बोटीतून उडी मारायची भीती वाटते. अंदमानला किनाऱ्यावरूनच स्कुबा होतं का, आणि उथळ पाण्यात मासे दिसतात का?

उत्तर: हो, हॅवलॉकला म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला निमो रीफ या किनाऱ्यालगतच्या प्रवाळ-खडकावर तसंच करतात, आधी उथळ पाण्यात इन्स्ट्रक्टर श्वास घ्यायला शिकवतो मग धरून हळूहळू खाली नेतो, पोहता आलं नाही तरी चालतं. नवख्यांना १२ मीटरच्या खाली नेत नाहीत. आणि मासे भरपूर! अॅनिमोनीत (फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यात) लपणारे क्लाउनफिश, आणि पॅरटफिश प्रवाळ कुरतडतात त्याचा कुर्रकुर्र आवाज खरंच ऐकू येतो. कान दुखायच्या आधीच नाक दाबून हळूच हवा कानांकडे ढकला, एरवी पाण्याखाली श्वास अजिबात रोखू नका. प्रवाळाला हात नको प्लीज, जिवंत असतं ते. सर्दी असेल तर डाइव्ह टाळा, आणि नंतर किमान १८ तास विमान नको.