९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (नमुन्यावरून काढलेला, खऱ्या सरासरीच्या अंदाजाचा पट्टा) म्हणजे खरी सरासरी त्यात असण्याची शक्यता ९५ टक्के, असंच ना?

नाही. पण इथे बहुतेक सगळेच एकदा तरी अडखळतात.

समजा, १०० निरीक्षणांची सरासरी ५२ आली आणि प्रमाण विचलन (निरीक्षणं सरासरीभोवती किती पसरली आहेत याचं माप) १०. प्रमाण त्रुटी (नमुना बदलला की सरासरी साधारण किती हलते याचं माप) म्हणजे १० भागिले १०० चं वर्गमूळ, अर्थात १. तिला १.९६ ने (९५ टक्क्यांसाठीचा ठरलेला गुणक) गुणून सरासरीच्या दोन्ही बाजूंना मोजा: ५०.०४ ते ५३.९६. आकडेमोड इतकीच.

आता अर्थ. संपूर्ण समष्टीची (ज्यातून नमुना घेतला त्या सगळ्या गटाची) सरासरी हा ठरलेला आकडा आहे, आपल्याला तो माहीत नाही एवढंच. रिंग फेकण्याच्या खेळात खुंटी जागची हलत नाही, उडते ती रिंग. तसंच इथे नमुना बदलला की इंटरव्हलची टोकं सरकतात. म्हणून ९५ टक्के हा गुण फेकण्याच्या पद्धतीचा: असेच नमुने पुन्हा पुन्हा घेतले तर १०० पैकी साधारण ९५ इंटरव्हल खऱ्या सरासरीला पकडतील. तुमच्या हातातला त्यांतला आहे की उरलेल्या ५ मधला, हे त्याच्याकडे बघून कळत नाही. संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी १९३७ मध्ये ही कल्पना मांडली ती याच अर्थाने. (सरळ ‘शक्यता’च बोलायची असेल तर बेझियन पद्धतीकडे, म्हणजे आधीची समज आणि निरीक्षणं जोडून शक्यता काढणाऱ्या पद्धतीकडे, जावं लागतं. सुरुवातीला नको.)

आणखी एक गफलत: ९५ टक्के निरीक्षणं या पट्ट्यात येतात, असंही नाही. वरच्या उदाहरणात बहुतेक निरीक्षणं त्याच्या बाहेरच असतील.

इंटरव्हल निम्मा करायचा असेल तर नमुना दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतो.