गायीला अमायलॉइड, वडिलांनाही अमायलॉइड. दुधातनं आलं का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टरसाहेब, मी वाळवा तालुक्यातला. आमची एचएफ (होल्स्टिन, काळी-पांढरी परदेशी जातीची) गाय चार महिने खंगत गेली, शेण पाण्यासारखं, पोळीला (गळ्याखालच्या लोंबत्या कातडीला) सूज, चारा मात्र शेवटपर्यंत खायची. मेल्यावर पोस्टमॉर्टेम केलं तर किडन्या ही मोठाल्या, फिकट, मेण लावल्यागत. गुरांचे डॉक्टर म्हणाले अमायलॉइड. आणि आता मिरजेत वडिलांच्या किडनीची बायोप्सी झाली त्यातही तेच नाव, एए टाइप. वडिलांना पंचवीस वर्षांमागं टीबी झालेला, अजून रोज सकाळी वाटीभर बेडका पडतो. घरात सगळे म्हणतायत दुधातनं आलं, आई तर दूध ओतूनच देतीय. खरं काय?

उत्तर: दादा, आधी आईंना दूध ओतायचं थांबवायला सांगा.

नाव एक आहे म्हणून एकाकडनं दुसऱ्याकडं गेलं असं नसतं. अंगात कुठंही पू किंवा सूज वर्षानुवर्षं राहिली की लिव्हर एसएए नावाचं प्रोटीन भरमसाट बनवतं, त्याचे तुकडे चुकीची घडी पडून धाग्यासारखे चिकटतात आणि किडनी, लिव्हर, प्लीहेत साचत जातात, विरघळत नाहीत. हाच एए टाइप. गायीत होतं तसंच माणसात. किडनी चाळणीसारखी गळायला लागली की लघवीतनं प्रोटीन जातं, म्हणून गायीच्या पोळीत पाणी आणि माणसाच्या पायावर सूज. (अमायलॉइड म्हणजे स्टार्चसारखं. १८५४ मध्ये फिरखो या जर्मन डॉक्टरनं आयोडीनचा रंग बघून हे नाव दिलं, ते प्रोटीन निघालं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.)

तुमच्या वडिलांच्या बाबतीत माझा संशय त्या वाटीभर बेडक्यावर आहे. टीबी बरा झाला तरी फुफ्फुसाच्या नळ्या रुंदावून राहतात, तिथं पू साचतो, आणि आपल्या देशात एए टाइपमागं टीबी हे फार जुनं कारण आहे. छातीच्या डॉक्टरांना दाखवा, तो पू कमी झाला तरच किडनीला सुटका. गुडघेदुखीच्या गोळ्या मेडिकलमधनं परस्पर आणू नका, त्यानं किडनीला आणखी त्रास होतो. रिपोर्टवर टाइप लिहून आलाय हे बरं झालं, कारण एएल टाइप असता तर तो बोनमॅरोतल्या पेशींचा आजार, त्याला केमो लागते, रस्ताच वेगळा.

खाण्यातनं होतं का म्हणाल, तर २००७ मध्ये बदकाच्या लिव्हरमधलं अमायलॉइड उंदरांना देऊन बघितलं, त्यांच्यात साचणं वाढलं, पण ते उंदीर आधीच हा आजार पटकन व्हावा असे तयार केलेले. माणसाला दुधातनं झालं हे सिद्ध नाही.

गायीला आधी दगडी (कासेला सूज, पू) झालेली का, एखादा सड कडक राहिलेला का, खुरात पू, पोटात तार? आठवून बघा आणि बाकीच्या जनावरांची कास तपासून घ्या, एकदा किडनीत साचलं की गुरांत इलाज नाही. दूध उकळूनच प्या, पण ते ब्रुसेला (दुधातनं ताप आणणारा जंतू) आणि टीबीसाठी, यासाठी नाही.