ग्रंथपाल व्हावे की अभिलेखपाल? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी यंदा इतिहास विषयात एम. ए. झाले. मोडी लिपी मला बऱ्यापैकी वाचता येते. आमचे सर म्हणतात की ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतल्यास नोकरीची सोय होईल, परंतु माझे मन जुन्या कागदपत्रांत रमते. ग्रंथालयशास्त्र आणि अभिलेखशास्त्र हे एकच शिक्षण आहे का? एकाच्या पदवीवर दुसरीकडे काम करता येते का? आणि यासाठी महाराष्ट्राबाहेर जावे लागेल का?
— एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : ही दोन शास्त्रे शेजारी राहतात, पण त्यांचे घर एक नाही. ग्रंथालयातील पुस्तक हे छापलेले असते, त्याच्या अनेक प्रती असतात आणि त्याला स्वतःचे नाव, लेखक व विषय असतो. म्हणून ग्रंथपाल प्रत्येक पुस्तकाकडे स्वतंत्रपणे पाहतो, त्याला विषयाचा वर्गांक देतो आणि त्या विषयाच्या इतर पुस्तकांशेजारी ठेवतो. अभिलेख म्हणजे कार्यालयाच्या किंवा घराण्याच्या कामकाजाचा जपलेला कागद. तो एकुलता एक असतो, आणि कोणी वाचावा म्हणून लिहिलेला नसतो. काम करता करता तयार झालेला असतो. रोजकीर्दीतील एखादी नोंद आधीच्या आणि नंतरच्या नोंदीमुळेच अर्थपूर्ण ठरते. ती तेथून उचलून विषयवार लावली, तर कागद हाती राहतो आणि त्याचा पुरावा म्हणून असलेला कस निघून जातो. फ्रान्समध्ये १८४१ साली सरकारी सूचनेद्वारे जे तत्त्व मान्य झाले, ते हेच : ज्या कार्यालयातून किंवा घराण्यातून कागद आले, त्यांचा गट फोडायचा नाही आणि दुसऱ्या गटात मिसळायचा नाही. पुढे जगभरच्या अभिलेखागारांनी ते स्वीकारले.

हे मी पुस्तकात वाचले त्याआधी चुकीतून शिकलो. नोकरीच्या सुरुवातीला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असताना गावातील एका दिवंगत वकिलांच्या घरून पाच पेट्या कागद देणगी म्हणून आले. नुकतीच ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली असल्यामुळे मी उत्साहाने महिनाभर बसलो आणि पत्रे एकीकडे, पावत्या दुसरीकडे, सभांची हस्तपत्रके तिसरीकडे अशी सुरेख मांडणी केली. काही वर्षांनी एका संशोधकाने एक पत्र हातात घेऊन विचारले, ‘हे कोणत्या खटल्याच्या कागदांत होते?’ त्या प्रश्नाचे उत्तर पेट्यांच्या मूळ क्रमात होते आणि तो क्रम मीच मोडला होता. ग्रंथपाल म्हणून मी चुकलो नव्हतो. ते काम ग्रंथपालाचे नव्हते, एवढेच.

आता शिक्षणाविषयी. आपली पदव्युत्तर पदवी इतिहासातील आहे ही आपली जमेची बाजू आहे, कारण नवी दिल्ली येथील राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख अध्ययन विद्यालयात चालणाऱ्या एक वर्षाच्या पदविकेसाठी प्रामुख्याने इतिहासाचे पदव्युत्तर विद्यार्थीच घेतले जातात. हे अभिलेखागार ११ मार्च १८९१ रोजी कोलकात्यात स्थापन झाले आणि पुढे दिल्लीत आले. तेथे कागदांची मांडणी व वर्णन, कार्यालयीन अभिलेखांचे व्यवस्थापन, तसेच दुरुस्ती आणि जतन हे विषय प्रत्यक्ष कामासह शिकवले जातात. शिवाय याच विद्यालयाचे काही आठवड्यांचे छोटे अभ्यासक्रमही असतात. ज्यांना वर्षभर दिल्लीत राहणे शक्य नाही, त्यांनी किमान कागदाच्या दुरुस्तीचा अभ्यासक्रम करावा असा माझा आग्रह असतो, कारण जीर्ण कागदाला पारदर्शक चिकटपट्टी लावणारे सद्‌भावी लोक वाळवीपेक्षा कमी नुकसान करत नाहीत.

मोडीला कमी लेखू नका. पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दप्तरात कापडी रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. परंतु निवड ती निवडच, आणि उरलेल्या रुमालांपुढे बसणाऱ्याला मोडी येणे अनिवार्य आहे. आपण रोज मोडी वाचत राहावे, आणि जमल्यास फारसी शब्दांचा परिचयही करून घ्यावा, कारण त्या कागदांतील हिशेबाची आणि वतनाची परिभाषा मोठ्या प्रमाणात फारसीतून आलेली आहे. भारत इतिहास संशोधक मंडळाने १९१० पासून जमवलेला संग्रहही याच शहरात आहे. गोव्यात जाण्याची तयारी असेल तर तेथील अभिलेखागाराची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते. मात्र तेथे पोर्तुगीज भाषेवाचून पुढे सरकता येत नाही.

आपल्या सरांचे म्हणणेही टाकाऊ नाही. महाराष्ट्रात केवळ अभिलेखपालांसाठी असलेली पदे मोजकी आहेत आणि त्यांच्या जाहिराती वर्षानुवर्षे निघत नाहीत. म्हणून मी आपल्याला क्रम सुचवतो : आधी दिल्लीची पदविका, आणि मग एक वर्षाची ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी. उलट क्रमाने जाणाऱ्यांच्या हाताला माझ्यासारखी सवय लागते.

प्रश्न : माझे वय ३८ आहे. मी तालुक्याच्या ठिकाणी एका अनुदानित सार्वजनिक वाचनालयात चौदा वर्षे काम करत आहे. कला शाखेची पदवी आणि ग्रंथालय प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आहे. नोकरी सांभाळून पुढची पदवी घेतल्यास महाविद्यालयात ग्रंथपाल होता येईल का, की वय निघून गेले आहे?
— एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर : वय निघून गेलेले नाही, पण वाटेवर किती पायऱ्या आहेत हे आधीच मोजून घ्यावे. पदवीनंतर ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी साधारणतः एक वर्षाची आणि त्यानंतरची पदव्युत्तर पदवी आणखी एक वर्षाची असते. काही ठिकाणी ही दोन्ही मिळून सलग दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. नोकरी सोडणे शक्य नसल्यास नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ हे सरळ मार्ग आहेत. कोणत्याही संस्थेत पैसे भरण्यापूर्वी त्या वर्षासाठी त्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची दूरशिक्षणाची मान्यता आहे, याची आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतः खात्री करावी; दलालाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

महाविद्यालयीन ग्रंथपालपदासाठी मात्र एवढ्याने भागत नाही. आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे ग्रंथालयशास्त्र, माहितीशास्त्र किंवा प्रलेखनशास्त्रातील पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी, आणि त्याबरोबर नेट ही राष्ट्रीय किंवा सेट ही राज्यस्तरीय पात्रता परीक्षा अपेक्षित असते. आरक्षित प्रवर्गांना गुणांत सवलत आहे. मुक्त विद्यापीठातून कसेबसे उत्तीर्ण होऊन समाधान मानणारे अनेक जण या ५५ टक्क्यांच्या उंबऱ्यावर अडखळतात. त्यामुळे पदव्युत्तर वर्षात गुणांकडे दुर्लक्ष करू नका. महाराष्ट्राची सेट परीक्षा मराठीतूनही देता येते, म्हणून नेटच्या आधी तिचा विचार करण्यास हरकत नाही.

आपल्या चौदा वर्षांचे काय, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी त्यावर लिहितो. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली आणि महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, आणि त्यातूनच अ, ब, क, ड या वर्गांची, अनुदानावर चालणारी आपल्यासारखी वाचनालये उभी राहिली. त्यांतील कर्मचाऱ्यांच्या पगाराविषयी बोलणे म्हणजे जखमेवरची खपली काढणे आहे. परंतु दाखल नोंदवही, देवघेव, अनुदानाचा अहवाल, तपासणी हे सर्व आपण हाताने केलेले आहे, आणि संगणकीकरणाचा पेपर सोडवताना ज्याने कार्डांची तालिका स्वतः लावली आहे त्याला मागचे तर्कशास्त्र लवकर उमगते. वाचनालयाच्या संगणकावर कोहा ही मुक्त प्रणाली बसवून घ्या आणि आपल्याच पुस्तकांवर सराव करा. न्यूझीलंडमधील एका ग्रामीण ग्रंथालय संस्थेसाठी ती तयार झाली आणि आज जगभरची ग्रंथालये ती विनामूल्य वापरतात. मुलाखतीत हे सांगता येईल, आणि वाचकांनाही त्याचा उपयोग होईल.

प्रश्न : मुलगा संगणकशास्त्राचा पदवीधर आहे आणि त्याला माहिती व्यवस्थापनात पुढे शिकायचे आहे. शोधयंत्राने सर्व काही मिळत असताना या शिक्षणाला भवितव्य आहे का? आम्हाला हे पुस्तकांची धूळ झाडण्याचे काम वाटते.
— एक पालक, ठाणे

उत्तर : धूळ झाडणेही या व्यवसायात येते आणि ते नीट शिकावे लागते. आपल्या शंकेचे उत्तर मात्र इतिहासातच आहे. बडोद्यात सयाजीराव गायकवाड महाराजांनी अमेरिकेतून बोलावलेल्या विल्यम बॉर्डन यांनी १९११ साली ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग सुरू केला. पुढे गणिताचे प्राध्यापक असलेले शियाली रामामृत रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३३ मध्ये त्यांनी द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले. एका विषयाचे पैलू वेगळे करून ते हवे तसे जोडायचे, ही त्यामागील कल्पना. संकेतस्थळावर साडी शोधताना रंग, कापड, किंमत अशा चौकटींवर आपण खुणा करतो, तेव्हा आपण त्याच पद्धतीने विचार करत असतो. गणिताच्या माणसाने ग्रंथालयात येऊन हे केले. संगणकाच्या मुलाने का येऊ नये?

त्याने बंगळुरू येथील भारतीय सांख्यिकी संस्थेच्या प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा विचार करावा. रंगनाथन यांनीच १९६२ साली ते सुरू केले असून तेथील पदव्युत्तर अभ्यासक्रम २ वर्षांचा आहे आणि त्यासाठी प्रवेशपरीक्षा असते. मुंबईत राहायचे असल्यास मुंबई विद्यापीठाचा विभाग आहे; मुलींसाठी एस. एन. डी. टी. विद्यापीठाचे ग्रंथालयशास्त्र विद्यालयही आहे.

शोधयंत्र जे सापडण्याजोगे आहे तेच शोधते. सरकारी कचेरीत सहा गठ्ठे पद्धतीने, म्हणजे कागद वर्गवारीने सहा गठ्ठ्यांत ठेवून, बांधलेली अ वर्गाची कायम जपायची नस्ती, म्हणजे फाइल, जर ड वर्गाच्या वर्षभरात नष्ट करायच्या कागदांत गेली, तर कोणतेही यंत्र ती परत आणू शकत नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचे चौथे कलम प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला आपले अभिलेख सूचीबद्ध व अनुक्रमित ठेवण्यास सांगते, आणि आता त्यातील पुष्कळसे अभिलेख कागदावर जन्मतच नाहीत. वीस वर्षांपूर्वीची एखादी फाइल आज उघडेल का, ती कोणी बदलली नाही हे न्यायालयात कसे दाखवायचे, कोणती प्रत मूळ मानायची, हे प्रश्न संगणक आणि अभिलेखशास्त्र दोन्ही समजणाऱ्याशिवाय सुटत नाहीत. मुलाला प्रवेश घेण्यापूर्वी एकदा एखाद्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात घेऊन जावे आणि घरातील जुन्या सातबाऱ्याच्या किंवा फेरफाराच्या नकलेसाठी रीतसर अर्ज करावा. ती किती दिवसांनी मिळते, आणि शोधणारा कर्मचारी ती यादी पाहून काढतो की आठवणीने, हे त्याने नीट पाहून घ्यावे.