मांडीतली गाठ ‘चरबीची’ म्हणून काढून टाकायची का?

प्रश्न: डॉक्टर, आमचे आप्पा साठीचे आहेत, रावेरकडे केळीची शेती. मांडीत खोलवर गाठ आहे, सहा महिन्यांत लिंबाएवढीची पेरूएवढी झाली, दुखत मात्र नाही. इथले डॉक्टर म्हणतात चरबीची आहे, जागेवरच भूल देऊन काढू. काढू द्यावी का?

उत्तर: नका काढू देऊ ताई, निदान आत्ता तरी. दुखत नाही म्हणजे साधीच, असं काही नसतं. खोल, वाढणारी, ५ सेंमीपेक्षा मोठी गाठ असली की सार्कोमा, म्हणजे मांस-चरबीसारख्या मऊ भागांचा कॅन्सर, तर नाही ना हे आधी बघायचं. मोठ्या माणसांच्या एकूण कॅन्सरमधे हा १ टक्क्याच्या आसपासच, म्हणून पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही.

आधी एमआरआय, मग जाड सुईने बायोप्सी, आणि सुई कुठून घालायची ते पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच ठरवावं कारण तो सुईचा मार्गही नंतर गाठीसोबतच काढतात. सार्कोमा निघाला तर छातीचा सीटी, कारण हा बहुतेकदा फुप्फुसात पसरतो. ऑपरेशनमधे गाठ नुसती सोलून काढत नाहीत, भोवतीच्या चांगल्या मांसाच्या थरासकट अखंड काढतात. सोलली की पेशी मागे राहतात, मग दुसरं ऑपरेशन आणखी मोठं.

पाय कापतील ही भीती सगळ्यांनाच असते, पण आता बहुतेकांचा पाय वाचतो, गरज पडली तर सोबत रेडिएशन देतात.

भुसावळहून रेल्वेने मुंबई गाठा, परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलात दाखवा. एमआरआयची सीडी न्या, नुसता रिपोर्ट नको.