‘लक्ष वेधायला करतेय का ही?’

मुलांच्या हातावर स्वतःच करून घेतलेल्या जखमा दिसल्या की पालकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या अकरावीतल्या एका मुलीच्या आईनेही तोच विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मी म्हटलं, “ताई, तुम्हाला कळलं कसं?”

“धुवायच्या कपड्यांत बाहीला डाग दिसला. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कुर्ते घालायची. मला वाटलं, फॅशन असेल.”

म्हणजे पोर कित्येक महिने घरादारापासून लपवत होती. लक्ष वेधायचं असतं तर इतकी लपवाछपवी कशाला केली असती? आणि समजा, हवंच असेल लक्ष, तर ते या वाटेने मागावं लागतंय हे कमी काळजीचं आहे का?

तोवर घरात व्हायचं ते होऊन गेलं होतं. बाबांनी मोबाइल काढून घेतला. आईने देवासमोर स्वतःची शपथ घ्यायला लावली, रोज रात्री हात तपासणं सुरू झालं. शपथ मोडली आणि मुलगी जास्तच लपवू लागली.

माझ्यासमोर ती खुर्चीच्या रेक्झिनचा सुटलेला कोपरा नखाने उचकटत बसली होती. मी आधीच सांगून टाकलं : तुझ्या जिवाला धोका वाटला तर आईबाबांना सांगावं लागेल, तेही तुला सांगूनच, बाकीचं इथेच राहील. मग सरळ विचारलं, “मरून जावंसं वाटतं का?” असं विचारल्याने नसतं खूळ डोक्यात शिरतं, ही भीती खोटी आहे. उलट अनेक मुलांना हायसं वाटतं.

“नाही, मरायचं नाहीये,” ती म्हणाली. “टेस्टचे मार्क क्लासच्या ग्रुपवर पडतात. बाबा ओरडत नाहीत, नुसतं ताट सरकवून उठतात. मग आत खूप साचतं. ते केलं की जरा वेळ शांत वाटतं. नंतर स्वतःचीच लाज वाटते.”

त्या लाजेतून पुन्हा साचतं. शपथा आणि झडत्या लाजेतच भर घालतात. मरायचा हेतू नसला तरी हे हलक्यात घ्यायचं नसतं, कारण अशा मुलांमध्ये पुढे आत्महत्येचा धोका वाढलेला असतो. मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. नैराश्याचं निदान झालं, उपचार सुरू झाले.

ऊर्मी चढते तशी ओसरतेही. तेवढा वेळ निभवायला काय करायचं ते तिनेच परत मिळालेल्या मोबाइलमध्ये लिहिलं : मावसबहिणीला फोन, तोंडावर गार पाणी, खाली सोसायटीत फेरी. शेवटी टेलिमानसचा १४४१६. २०२२ पासूनची ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा मोफत, चोवीस तास, मराठीतही आहे. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन. जिवावर बेतण्यासारखं वाटलं तर मात्र मुलाला एकटं न सोडता ११२ किंवा थेट दवाखाना.

आईला सांगितलं : जखम दिसली तर आधी मलमपट्टी, प्रश्न नंतर. घरातली औषधं कुलपात. रोज एवढंच विचारा, “आज जड जातंय का? बसू इथे?” बाबांना पटायला वेळ लागला. ‘आमच्या वेळी नव्हती ही थेरं’ वगैरे झालंच. त्यांच्याकडून एवढंच मागितलं, की मार्क काही का पडेनात, जेवण पुरं करूनच उठायचं.

सहामाहीच्या निकालानंतर पुन्हा एकदा घडलं. सकाळी आईचा फोन, “सगळं पाण्यात गेलं का हो मॅडम?”

“तुम्हाला कळलं कसं?” मी विचारलं.

“तिनेच उठवलं रात्री.”

“मग नाही गेलं पाण्यात,” म्हटलं, आणि दुपारची वेळ दिली.