नागपुरात जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह कुठे मिळतात? जमवायला आणि अदलाबदल करायला सुरुवात कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांचा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा) रेडिओ माळ्यावरून खाली काढला आहे, त्याचे व्हॉल्व्ह नागपुरात कुठे मिळतील, आणि पुढे हाच छंद लावून घ्यायचा तर काय जमवावं, फसगत कशी टाळावी.

व्हॉल्व्ह शोधायला निघण्याआधी एक सांगतो. रेडिओ बंद आहे म्हणजे व्हॉल्व्हच गेला, असं धरून चालू नका. व्हॉल्व्ह फार चिवट असतो, नुसता पडून राहिल्याने सहसा मरत नाही. मरतात ते मेणकागदाचे कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे सुटे भाग. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, टिनाच्या छपराखाली त्याहून जास्त. कंडेन्सरचं मेण वितळून चेसिसवर, म्हणजे सगळे भाग बसवलेल्या पत्र्यावर, ओघळलेलं मी विदर्भातल्या कितीतरी रेडिओंत पाहिलं आहे. त्यातला एक विशेष घातकी. आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या) ग्रिडपर्यंत, म्हणजे करंटवर ताबा ठेवणाऱ्या जाळीपर्यंत, आवाज पोचवणारा, बहुधा ०.०१ किंवा ०.०२ मायक्रोफॅरडचा. तो गळायला लागला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं, व्हॉल्व्ह नको तितका करंट ओढतो आणि त्याची प्लेट (करंट झेलणारा आतला पत्रा) लालबुंद होते. पन्नास वर्षं टिकलेला चांगला व्हॉल्व्ह मग काही मिनिटांत संपतो. त्याच्या जागी नवा घातलात तर तोही त्याच वाटेने जाईल. तेव्हा आधी हा कंडेन्सर आणि पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदला, मग ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावून रेडिओ सुरू करा. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. बल्ब भगभगीत पेटलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

आणि हे नीट वाचा, कारण जिवाशी गाठ आहे. तुमच्या रेडिओतल्या व्हॉल्व्हची नावं ‘यू’ अक्षराने सुरू होत असतील, म्हणजे यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५, तर तो एसी-डीसी सेट आहे. त्यात मेन ट्रान्सफॉर्मर नसतो, चेसिस थेट लाइनला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की अख्ख्या पत्र्यात २३० व्होल्ट. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (सेटला मेन लाइनपासून वेगळं ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय) असा सेट उघड्यावर चालवू नका. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटमध्येही एच.टी. (व्हॉल्व्हच्या प्लेटला लागणारी उच्च वीज) दोनशे ते अडीचशे व्होल्ट डीसी असते आणि स्विच बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये ती साठून राहते. हात घालण्याआधी ती रेझिस्टन्समधून उतरवा आणि उतरली का हे मीटरने बघा.

याच एसी-डीसी सेटची एक गंमत. त्यातले सगळे हीटर (व्हॉल्व्हला आतून तापवणाऱ्या तारा) दिवाळीच्या माळेसारखे एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. यूसीएच ८१ आणि यूबीएफ ८९ चे १९-१९ व्होल्ट, यूसीएल ८२ चे ५०, यूवाय ८५ चे ३८, मिळून १२६. उरलेले शंभरेक व्होल्ट ड्रॉपर रेझिस्टन्स खातो. एकाचा हीटर तुटला की चौघेही अंधारात. त्यामुळे साफ मेलेला वाटणारा रेडिओ अनेकदा एकाच व्हॉल्व्हवर उभा राहतो. कोणता गेला ते कळायला साधा मल्टिमीटर पुरतो. या नऊ पिनांच्या बहुतेक रेडिओ व्हॉल्व्हमध्ये हीटर ४ आणि ५ नंबरच्या पिनेवर असतो. सेट बंद ठेवून, व्हॉल्व्ह बाहेर काढून त्या दोन पिना मोजा. ओहम दाखवले तर हीटर शाबूत, काहीच दाखवलं नाही तर तुटला.

नावं वाचायला शिकलात की अर्धं काम झालं. युरोपीय पद्धतीत पहिलं अक्षर हीटरचं: ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, ‘यू’ म्हणजे १०० मिलिअ‍ॅम्पियर, ‘पी’ म्हणजे ३०० मिलिअ‍ॅम्पियर, ‘डी’ म्हणजे बॅटरीवर चालणारा. पुढची अक्षरं आत काय आहे ते सांगतात. ‘सी’ ट्रायोड (आत तीन भागांचा), ‘एफ’ पेंटोड (पाच भागांचा), ‘एल’ आउटपुट पेंटोड, ‘एम’ मॅजिक आय (केंद्र नीट लागलं का ते दाखवणारा हिरवा डोळा), ‘झेड’ दोन प्लेटचा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा). आकडा ८ ने सुरू झाला की नऊ पिनांचं नोव्हल बूड, ९ ने सुरू झाला की सात पिना, ३ असेल तर आठ पिनांचं जाडजूड ऑक्टल. अमेरिकन नावं वेगळी, पण वस्तू तीच: ईसीसी ८३ म्हणजे १२एएक्स७, ईएल ८४ म्हणजे ६बीक्यू५, ईसीएल ८२ म्हणजे ६बीएम८. ही जोडनावं एका वहीत लिहून ठेवा. ईसीएल ८२ शोधणारा माणूस ६बीएम८ लिहिलेला खोका हातात घेऊन परत ठेवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो, जमवायचं काय. या बाबतीत माझं मत ठाम आहे. नवीन माणूस ईसीसी ८३, ईएल ३४ यांच्यामागे धावतो, कारण गिटार अ‍ॅम्प आणि हायफायवाले त्यांना मोठा भाव देतात. ते जमवू नका. हे व्हॉल्व्ह आजही स्लोव्हाकियात, रशियात, चीनमध्ये नवे बनतात. पैसे टाकले की मिळतात. ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएम ८० यांना बाजारात फारसं कोणी विचारत नाही, पण त्यांचा कारखाना आता चालू नाही. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रिसीव्हिंग व्हॉल्व्ह बनवायला घेतले. त्यांचे आणि फिलिप्स, मुलार्डचे जेवढे व्हॉल्व्ह खोक्यांत उरले असतील, तेवढाच साठा. घराघरांतल्या मर्फी, बुश, फिलिप्स, नॅशनल एको यांचे प्राण याच साध्या व्हॉल्व्हमध्ये आहेत. तुमच्या ड्रॉवरमध्ये चार चांगले ईसीएच ८१ असतील तर चार घरांतले रेडिओ बोलू शकतात. मला या छंदात याहून मोठं काही वाटत नाही.

मॅजिक आय दिसला की चालू हालतीतला उचलाच. तो हिरवा प्रकाश देणारा लेप तासागणिक विझत जातो आणि त्यावर उपाय नाही. रेडिओ खणखणीत वाजतो पण डोळा दिसत नाही, अशी बहुतेक सेटची अवस्था आहे. एवढं लक्षात ठेवा की ईएम ८० च्या सॉकेटमध्ये ईएम ८१ चालतो, ईएम ८४ चालत नाही, त्याच्या पिनांची जोडणी वेगळी आहे. रेक्टिफायरचंही तसंच. ईझेड ८० आणि ईझेड ८१ च्या पिना सारख्या, पण पहिल्याचा हीटर ०.६ अ‍ॅम्पियर घेतो, दुसऱ्याचा १. ट्रान्सफॉर्मरला तो जादा भार झेपत असेल तरच ८१ लावा. ८१ च्या जागी ८० मात्र लावू नका, त्याचा दम पुरत नाही.

नागपुरात कुठे? सीताबर्डीत सुट्या भागांच्या दुकानांत आता आयसी आणि मॉड्यूल मिळतात, व्हॉल्व्ह नाही. तरी कंडेन्सर, रेझिस्टन्स, वायर तिथूनच घ्या. व्हॉल्व्ह मिळतात ते माणसांकडे. महाल, इतवारी, गांधीबाग, सदर या जुन्या वस्त्यांत कधीकाळी रेडिओ रिपेअरिंग करणारे काका अजून आहेत. दुकान बंद झालं असेल, मुलगा तिथे मोबाइल विकत असेल, पण वरच्या फळीवर एखादं खोकं असतं. बाहेर तालुक्याच्या गावी जाणं होत असेल तर जुन्या मंडप-बिछायत केंद्रवाल्यांना विचारा. लाऊडस्पीकरचे जुने व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्या गोदामात पडलेले असतात. कबाड्याकडे रेडिओ येतो तो बहुधा आतला तांब्याचा माल काढून, पण त्याला तुमचा नंबर देऊन ठेवा आणि तांब्याच्या भावापेक्षा थोडं जास्त द्या, म्हणजे पुढचा रेडिओ तो फोडणार नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं लाजपतराय मार्केट, बंगळूरचा एस. पी. रोड इथेही शोध घेता येतो, पण तिथल्या दुकानदाराला भाव ठाऊक असतो.

या काकांकडे गेलात की घाई करू नका. चहा होऊ द्या, आपल्याकडे काय आहे ते आधी दाखवा. महालातल्या अशाच एका काकांनी खोक्यातला एकेक व्हॉल्व्ह उजेडाकडे धरून मला बघायला शिकवलं. काचेच्या टोकाला आतून आरशासारखा चंदेरी लेप असतो, तो बेरियमचा. आत चुकून राहिलेला वायू शोषणं हे त्याचं काम. एक व्हॉल्व्ह त्यांनी माझ्या हातात दिला, त्याचा तो चंदेरी डाग दुधासारखा पांढरा पडला होता. बुडाशी, पिनांजवळ काचेला केसाएवढी तडा होती, नखाने लागत होती. ‘हवा शिरली जी याच्यात. आता काही नाही होत याचं,’ म्हणत त्यांनी तो बाजूच्या डब्यात टाकला. दुसऱ्याचा डाग चंदेरी, पण कडा विरळ आणि तपकिरी झालेल्या. ‘हा खूप चाललेला आहे, चालेल अजून, पण नवा म्हणून घेऊ नको.’ तिसरा त्यांनी कानाशी नेऊन हलकाच हलवला, आत काहीतरी खुळखुळलं, तोही बाजूला गेला. कोणतंही यंत्र न लावता निम्मी निवड तिथेच झाली.

पुढची पारख चालत्या सेटमध्ये करा. आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला) जोडलेल्या रेझिस्टन्सवर किती व्होल्ट पडतात ते मोजायचं. ईएल ८४ ला २५० व्होल्ट मिळत असतील आणि रेझिस्टन्स १३५ ओहमचा असेल, तर ताज्या व्हॉल्व्हला तिथे सातेक व्होल्ट दिसतात. चारच दिसले तर व्हॉल्व्ह थकला आहे. पेन्सिलीने काचेवर अगदी हळू टिचकी मारा. स्पीकरमधून घंटी वाजल्यासारखं आलं तर आतले भाग सैल आहेत. ट्यूनिंगच्या व्हॉल्व्हची परीक्षा मात्र जवळच्या केंद्रावर घेऊ नका. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ सालचं, मीडियम वेव्हवर त्याची जागा ५८५ किलोहर्ट्झ, म्हणजे जुन्या डायलवर ५१३ मीटरच्या आसपास. राष्ट्रीय वाहिनीसाठी १९८८ मध्ये १५६६ किलोहर्ट्झवर हजार किलोवॅटचं प्रक्षेपणही इथूनच सुरू झालं होतं, ती वाहिनी आता बंद आहे. जवळच्या ताकदवान केंद्रावर मरायला टेकलेला ईसीएच ८१ सुद्धा जोरात बोलतो. रात्री नऊनंतर दूरचं, क्षीण केंद्र लावा आणि दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने घालून ऐका.

फसवणुकीबद्दल. काचेवरच्या छापील नावावर विश्वास ठेवू नका, छपाई पुसून दुसरी करता येते. नाव पुसलेला व्हॉल्व्ह थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून बाहेर काढला आणि त्यावर तोंडाची वाफ सोडली की पुसलेले आकडे पुष्कळदा क्षणभर उमटतात. फिलिप्स समूहाच्या व्हॉल्व्हवर खाली बारीक अक्षरांचा वेगळा कोड असतो. त्यातला त्रिकोण म्हणजे हॉलंडचं हेर्लेन, ‘बी’ म्हणजे इंग्लंडचं ब्लॅकबर्न. खोका एक सांगतो आणि कोड दुसरं, असं दिसलं तर विचारा. रशियन ६एन२पी हा ईसीसी ८३ च म्हणून खपवला जातो. आतून तो जवळचा आहे, पण हीटरची जोडणी वेगळी असल्याने ईसीसी ८३ साठी ६.३ व्होल्टवर जोडलेल्या सॉकेटमध्ये तो पेटतच नाही. मला एका विक्रेत्याने असे ‘न वापरलेले’ म्हणून पाठवले होते, पिनांवर सॉकेटचे ओरखडे स्पष्ट दिसत होते. त्याच्याशी व्यवहार तिथेच थांबवला.

म्हणून तुम्ही देताना चिठ्ठी लिहूनच द्या. प्रत्येक व्हॉल्व्हच्या खोक्यात काय तपासलं, काय आकडा आला, कुठल्या सेटमधून काढला, आणि तपासला नसेल तर ‘तपासलेला नाही’ हे स्वच्छ शब्दांत. छपाईवर अंगठा फिरवू नका, पिना सरळ करा, दोन व्हॉल्व्ह एकमेकांना लागणार नाहीत असे बबल रॅपमध्ये गुंडाळून जाड खोक्यात भरा. व्हॉल्व्हच्या बदल्यात व्हॉल्व्ह हा मला सगळ्यात आवडणारा व्यवहार, त्यात दोन्हीकडचे रेडिओ चालू होतात. आणि एक हात जोडून विनंती आहे: व्हॉल्व्हसाठी दुरुस्त होण्याजोगा सेट मोडू नका. कॅबिनेट वाळवीने खाल्लं असेल, ट्रान्सफॉर्मर जळला असेल, तरच सुटे भाग काढा.

तुमच्या रेडिओतल्या सगळ्या व्हॉल्व्हची नावं इथे प्रतिक्रियेत लिहा, आणि चेसिसचा मागच्या बाजूने घेतलेला एक फोटो टाका. ‘ई’ मालिका असेल तर ईबीएफ ८९ आणि ईसीएल ८२ माझ्याकडे जास्तीचे, तपासलेले आहेत. ‘यू’ मालिका असेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची सोय होईपर्यंत प्लग लावू नका.