टीममध्ये सगळ्यांच्या मशीनवर एनपीएमचं (जावास्क्रिप्टची पॅकेजेस टाकणारं टूल) व्हर्जन एकच कसं ठेवायचं? ग्रुपवर सांगून कोणी ऐकत नाही

ऐकणारच नाहीत. आमच्या लीडनेही हेच केलं होतं, "सगळ्यांनी एनपीएम ६ च वापरा" असा मेसेज पिन केला आणि मोकळा झाला.

मग एक नवीन मुलगा आला, नव्या लॅपटॉपवर त्याने नोड १६ (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) टाकलं, सोबत नवं एनपीएम आलंच. त्याने एक चिमुकली लायब्ररी अ‍ॅड केली तर पीआरमध्ये (कोड तपासायला पाठवतात तो बदल) लॉक फाईलच्या, म्हणजे प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन नोंदवणाऱ्या फाईलच्या, हजारो ओळी बदललेल्या. त्या फाईलच्या फॉरमॅटचा नंबर, लॉकफाईलव्हर्जन, १ चं २ झालेलं, कारण एनपीएम ७ पासून पुढे जुनी फाईल नव्या फॉरमॅटमध्ये लिहून निघते. रिव्ह्यूला मी होतो, एवढं कोण वाचतंय म्हणून अप्रूव्ह मारलं. दुसऱ्या दिवशी लीडने आपल्या जुन्या एनपीएमवर इन्स्टॉल चालवलं, फाईल परत १ वर. आठवडाभर हेच, आज २ उद्या १. शेवटी मर्ज करताना इतके कॉन्फ्लिक्ट आले की मी वैतागून लॉक फाईलच उडवली आणि नव्याने बनवली (हो, मीच), त्यात कॅरेटवाली (व्हर्जनआधी ^ असलेली, म्हणजे त्याहून थोडं नवंही चालेल अशी) सगळी पॅकेजेस गुपचूप वर सरकली आणि रिपोर्टमधल्या तारखा एक दिवस मागे दिसायला लागल्या. दोन दिवस आम्ही टाइमझोनचा कोड उकरत बसलो. बोलणी कोणी खाल्ली? नव्या मुलाने. म्हणे डिसिप्लिन नाही.

डिसिप्लिन गेलं खड्ड्यात, व्हर्जन रेपोत, म्हणजे कोडसोबतच, लिहा. ग्रेडल हे बिल्ड टूल वापरणारे ठरलेलं व्हर्जन आणणारी रॅपर स्क्रिप्ट रेपोतच ठेवतात, तिथे कोणी मेसेज पिन करत नाही. पॅकेज जेसनमध्ये इंजिन्सखाली नोड आणि एनपीएम दोन्ही टाका आणि प्रोजेक्टच्या एनपीएमआरसीत (एनपीएमच्या सेटिंगची फाईल) इंजिन-स्ट्रिक्ट ट्रू करा, नाहीतर नुसती वॉर्निंग येते आणि ती कोणी वाचत नाही. आम्ही हे टाकलं तेव्हा "सीनियर लोकांना असलं कुंपण कशाला" असं म्हणणाऱ्या लीडचंच इन्स्टॉल पहिलं अडलं. सीआयवर (आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणारा सर्व्हर) इन्स्टॉलऐवजी 'एनपीएम सीआय' ही कमांडच चालवा, ते लॉक फाईलला हात लावत नाही.

एनपीएमऐवजी यार्न किंवा पीएनपीएम असेल तर पॅकेज जेसनच्या पॅकेजमॅनेजर फील्डमध्ये नेमकं व्हर्जन लिहून कोअरपॅक (तेच व्हर्जन आणून चालवणारं टूल) वापरा. पण नोड २५ पासून कोअरपॅक नोडसोबत येत नाही, वेगळं टाकावं लागतं. आणि इंजिन-स्ट्रिक्ट तुमच्या डिपेंडन्सींचीही इंजिन्स तपासतं, त्यामुळे एखादं जुनं पॅकेज उगाच आडवं येऊ शकतं.

अजून एक, लॉक फाईलमध्ये कॉन्फ्लिक्ट आला तर माझ्यासारखी उडवू नका. पॅकेज जेसन आधी हाताने नीट करा आणि एनपीएम इन्स्टॉल चालवा, लॉकमधला गुंता ते स्वतःच सोडवतं. ही सोय ५.७ पासून आहे, म्हणजे आमच्या ६ मध्येही होती.